टोलेडोचा महापौर आणि आमच्या शॉपमधली पाटी

आमच्या मशिन शॉपमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, आत शिरलं की डाव्या हाताला, हजेरीच्या टेबलाच्या वर, एक पाटी आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, १९९१ साली सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत शॉप टाकलं तेव्हा पेंटरला घरी बोलावून रंगवून घेतलेली, पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, वर ‘कारखान्याचे नियम’ आणि खाली अकरा नियम. कूलंटच्या वाफेनं आणि धुरानं पांढरा रंग आता पिवळट झालाय पण अक्षरं अजून ठसठशीत वाचता येतात. त्यातला चौथा नियम असा की १० मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाईल. आण्णा गेल्यावर मी शॉप बघायला लागलो, दोन लेथच्या जागी चार सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी आल्या, माणसं पाचाची चौदा झाली, पण पाटीला मी हात लावला नाही, लावायचा कधी विचारच आला नाही डोक्यात.

या मार्चमध्ये आमचा एक जुना ऑपरेटर, नऊ वर्षं झाली आमच्याकडे, सकाळच्या पाळीला चाळीस मिनिटं उशिरा आला. काही बोलला नाही, मान खाली घालून मशिनवर गेला. मी हजेरी बुकात अर्धा दिवस लावला आणि पगाराच्या दिवशी त्यानं सही केली, तेव्हाही काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका पोराकडून कळलं की त्या रात्री त्याची मुलगी दवाखान्यात होती, रात्रभर सलाईन चालू होतं, आणि हा पहाटे तिच्या आईला तिथं बसवून, अंघोळ न करता, थेट कामावर आलेला. मी त्याला म्हटलं अरे मग सांगायचं नाही का तेव्हा. तो म्हणाला, “मालक, पाटीवर लिवलंयच की. कारण काय बी असलं तरी उशीर तो उशीरच.”

हे डोक्यात घेऊनच मी मे महिन्यात अमेरिकेला गेलो. लेकीचं बाळंतपण होतं, बायको आधीच जाऊन बसलेली, मी शॉप मेहुण्याच्या ताब्यात देऊन तीन महिन्यांसाठी गेलो. लेक आणि जावई ओहायोतल्या टोलेडोला असतात. मॉमी नावाची नदी आहे, ती तिथून पुढं ईरी सरोवराला मिळते, काचेच्या कारखान्यांमुळे गावाला ग्लास सिटी म्हणतात आणि जीप गाडीही तिथलीच. बाळ दिवसभर झोपायचं आणि रात्री जागायचं, दुपारी घरात मला काही काम नसायचं, मग जावई ऑफिसला जाताना मला गावातल्या मोठ्या लायब्ररीत सोडायचा. एके दिवशी तिथल्या स्थानिक इतिहासाच्या विभागात, तिथल्या बाईंनी मी काय करतो विचारलं, मी म्हटलं छोटं मशिन शॉप आहे, पंपाचे शाफ्ट करतो. तर त्या म्हणाल्या मग तुम्ही आमचा महापौर जोन्स वाचायलाच पाहिजे, तोही पंपाच्या सळ्याच करायचा, आणि त्याची कागदपत्रं आमच्याकडेच आहेत. असा मी सॅम्युअल मिल्टन जोन्सपर्यंत पोचलो आणि मग पुढचे दोन महिने दुसरं काही वाचलंच नाही म्हटलं तरी चालेल.

माणूस कुठून आला ते आधी सांगतो. १८४६ साली वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाच्या डोंगरातल्या गावाजवळ जन्म, घरात वेल्श भाषा, गरिबी एवढी की तो तीन वर्षांचा असताना आईबापांनी पोरंबाळं घेऊन बोटीनं अमेरिका गाठली. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे शेतमजुरी. शाळा सगळी मिळून तीसेक महिने, म्हणजे अडीच वर्षं, त्याच्यापुढं नाही. चौदाव्या वर्षी लाकडाच्या वखारीत कामाला, मग नदीतल्या आगबोटीवर, आणि नंतर पेनसिल्व्हेनियात तेल लागलंय असं ऐकून टायटसव्हिलला. तेलाच्या विहिरींवर त्या काळात बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालायच्या, दिवसरात्र ड्रिलिंग, हा त्याच चिखलात काम करून शिकला, पुढं स्वतः छोट्या छोट्या विहिरी घ्यायला लागला. लग्न झालं, पण १८८५ मध्ये बायको गेली, त्याच्या आधी एक लहान मुलगीही गेलेली. मित्रांनी म्हटलं हे गाव सोड, वेड लागेल तुला. १८८६ मध्ये तो ओहायोतल्या लिमा गावाला आला आणि तिथं त्याच्या विहिरीला भरपूर तेल लागलं. काही जणांबरोबर ओहायो ऑइल कंपनी काढली आणि १८८९ मध्ये ती रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलनं, म्हणजे तेलाच्या धंद्यातल्या मक्तेदार कंपनीनं, विकत घेतली. म्हणजे पैसा आला तो मक्तेदारीला कंपनी विकूनच आला, हे मी मुद्दाम सांगतोय कारण पुढं हाच माणूस मक्तेदारीविरुद्ध उभा राहिला तेव्हा विरोधकांनी हे काढलं असणारच, आणि त्यानंही आपला पैसा आपल्या एकट्याच्या घामाचा आहे असं कधी म्हटलं नाही, उलट बरोबर नाही हे असंच लिहीत राहिला.

१८९२ मध्ये दुसरं लग्न झालं, टोलेडोच्या हेलन बीच या मुलीशी, आणि तो टोलेडोला राहायला आला. मग त्याचं माझ्या धंद्याशी जवळचं काम सुरू होतं. तेलाच्या विहिरीत पंप खाली तळाशी असतो आणि वर दांडा डोलत असतो, मधे शेकडो फूट सळ्या एकीला एक जोडलेल्या असतात, त्या वरखाली होतात तेव्हा खालचा पंप तेल उचलतो. ह्या सळीला सकर रॉड म्हणतात. आधी त्या लाकडाच्या असायच्या, विहिरी खोल व्हायला लागल्या तशा त्या तुटायच्या, आणि सळी खाली तुटली की ती काढेपर्यंत विहीर बंद. ज्यानं कधी बोअरमधून तुटलेला पाईप काढलाय त्याला ह्यातलं दुखणं समजेल. जोन्सनं धातूची सुधारलेली सळी काढली, पेटंट घेतलं आणि १८९४ मध्ये ॲक्मी सकर रॉड कंपनी नावानं कारखाना टाकला. माल चांगला होता, खपायला लागला, म्हणजे पुढं जे काही त्यानं केलं ते तोट्यातल्या धंद्यातून दान म्हणून नाही केलं, चालत्या धंद्यात केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारखाना टाकला ते वर्ष वाईट होतं. १८९३ ला अमेरिकेत मोठी मंदी आलेली, बँका बुडाल्या, टोलेडोत माणसं कारखान्यांच्या दारात उभी राहून काम द्या म्हणत होती. जोन्स तोपर्यंत छोट्या गावांत राहिलेला, तिथं सगळे एकमेकांना नावानं ओळखायचे, असं दृश्य त्यानं पाहिलेलं नव्हतं. धडधाकट माणूस, हातात कसब आहे, आणि तो भीक मागावी तसं काम मागतोय. ह्यानं तो हलला, त्याच्या लिखाणात ते परत परत येतं. दुसऱ्या कारखान्यांत त्यानं नियमांच्या लांबलचक याद्या पाहिल्या, हे केलं तर दंड, ते केलं तर दंड, शेवटी काय तर कामावरून काढून टाकू. त्यानं आपल्या भिंतीवर पाटी लावली तीत एकच नियम होता, बायबलमधला, आपल्या भाषेत सांगायचं तर लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसंच तुम्ही त्यांच्याशी वागा. त्याच्या वर लिहिलेलं, हा कारखाना ह्या नियमानं चालतो. बस, दुसरी ओळ नाही. ह्याला इंग्रजीत गोल्डन रूल म्हणतात म्हणून लोक त्याला गोल्डन रूल जोन्स म्हणायला लागले आणि तेच नाव शेवटपर्यंत राहिलं.

आपल्याकडं ह्याला सोपं मराठी आहे, आपल्यावरून जग ओळखावं. आजी म्हणायची, स्वतःला चिमटा काढून बघ आधी. म्हणजे कळायला अवघड काही नाही त्यात, पाच वर्षांच्या पोराला कळतं. पण पगारपत्रक समोर घेऊन बसलेल्या माणसानं ते वाचायचं म्हटलं की मग अवघड होतं, कारण त्याचा हिशोब लागतो. जोन्सनं तो हिशोब मांडला. कामाचा दिवस आठ तासांचा केला, सगळीकडं दहा नि अकरा तास चालू असताना. किमान रोज दोन डॉलर ठेवला, तेव्हा साध्या मजुराला दीड डॉलर किंवा त्याहून कमी मिळायचा. पोरांना कामावर ठेवायचं नाही. वर्षातून एक आठवडा भरपगारी सुट्टी, जी १८९० च्या दशकात कारखान्यातल्या कामगाराला सहसा कुणी देत नव्हतं. नाताळला पगाराच्या पाच टक्के रक्कम आणि सोबत हातात एक पत्र. जेवायला कारखान्यातच कमी पैशात गरम जेवण. बाजूची जागा मोकळी सोडून तिची बाग केली, तिथं कामगारांचा बँड वाजायचा आणि रविवारी दुपारी सभा व्हायच्या. आणि जे वाचून मी लायब्ररीत पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो ते म्हणजे त्याच्या कारखान्यात वेळ लिहिणारा माणूसच नव्हता. टाइमकीपर काढून टाकलेला. ज्यानं त्यानं आपले तास आपण लिहायचे.

मी बाहेरच्या बाकावर बसून आमचं हजेरी बुक आठवत होतो. त्या ऑपरेटरच्या नावापुढं मी निळ्या पेननं काढलेली अर्धी रेघ. वेळ मी लिहितो, तो सही करतो. जोन्सच्या कारखान्यात त्यानं स्वतःच लिहिलं असतं, चाळीस मिनिटं उशीर, आणि बहुतेक कारणही लिहिलं असतं कारण तिथं कारणाला जागा होती.

राजकारणात तो आला तो जवळजवळ अपघातानं. १८९७ मध्ये टोलेडोच्या रिपब्लिकन पक्षात महापौरपदासाठी दोन गटांची ओढाताण चालली, कुणाचंच जमेना, तर तडजोड म्हणून हा कारखानदार पुढं केला, म्हणजे पैसेवाला आहे, भला माणूस आहे, कुणाला त्रास देणार नाही असं वाटलं असणार. थोड्या मतांनी निवडून आला. हे असं आपल्या नगरपालिकांत कितीदा बघतो आपण, दोन गट भांडतात आणि तिसराच खुर्चीत बसतो, आणि मग तो दोघांच्या तालावर चालतो. १९०० च्या जनगणनेत टोलेडोची वस्ती १ लाख ३१ हजार होती, म्हणजे आपल्या बार्शीएवढं म्हणा, सगळे सगळ्यांना धरून असलेलं गाव. तिथं खुर्चीवर बसलेल्या कारखानदारानं काय करावं अशी अपेक्षा असते ते सांगायला नको, रस्ता कुणाच्या प्लॉटवरून जाणार, ठेका कुणाला. जोन्सनं कारखान्यातली पाटी मनानं उचलली आणि नगरपालिकेत लावली. मला त्याच्या सगळ्या आयुष्यातली हीच गोष्ट मोठी वाटते. कारखान्यात एक माणूस आणि सभागृहात दुसरा, असं त्याचं झालं नाही. धंद्याला उपयोग व्हावा म्हणून खुर्ची घेणारे पुष्कळ आहेत, ह्यानं धंद्यात जे केलं तेच गावासाठी करून बघितलं.

पोलिसांचा आणि पाणीपुरवठ्याच्या कामगारांचा दिवस आठ तासांचा केला. पोलिसांत नि अग्निशमन दलात भरती वशिल्यानं न होता पात्रतेनं व्हावी म्हणून झटला. पोरांसाठी खेळाची मैदानं, फुकट बालवाड्या, मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग, बागा, आणि जे बेघर भटके गावात यायचे त्यांच्यासाठी झोपायची सोय. पोलिसांच्या हातातले जड दंडुके काढून घेतले आणि साध्या हलक्या काठ्या दिल्या. नुसत्या संशयावरून धरून आणून डांबायचं बंद केलं. पोलीस आपल्या गावातल्याच गरीब माणसाला मारायला नाहीत तर मदतीला आहेत असं त्यानं त्यांना समोर बसवून समजावलं, आणि समजावणाऱ्याबरोबर आठ तासांचा दिवसही आलेला असल्यामुळे ऐकून घेतलंही असेल.

पण खरा जोन्स दिसतो तो कोर्टात. तिथल्या कायद्यानं पोलीस कोर्टाचा न्यायाधीश गैरहजर असला की महापौरानं त्याच्या जागी बसायचं. हा बसायला लागला. समोर कोण यायचं तर दारू पिऊन रस्त्यात पडलेले, काम नाही म्हणून फिरणारे, किरकोळ चोऱ्या करणारे आणि धंदा करणाऱ्या बायका. हा त्यांना विचारपूस करायचा, समजावायचा आणि सोडून द्यायचा. एकामागून एक. त्याचं म्हणणं साधं होतं, की ह्या कोर्टात फक्त गरीबच उभा राहतो. पैसेवाला प्यायला तर त्याला त्याचा गाडीवान घरी नेऊन सोडतो, आणि दंड झालाच तर तो भरतो आणि जातो, गरिबाला दंड म्हणजे तुरुंगच, कारण भरायला काही नाही. लोक चिडले तर त्यानं उत्तर दिलं की माझा मुलगा दारुडा किंवा चोर असता, माझी बहीण किंवा मुलगी ह्या धंद्यात असती, तर दुसऱ्या न्यायाधीशानं तिच्याशी जसं वागावं असं मला वाटलं असतं तसाच मी वागलोय. पाटीवरचा नियम कोर्टात अगदी शब्दशः लावला त्यानं. शेवटी ओहायोच्या विधिमंडळानं महापौराचा हा अधिकारच काढून घेतला.

एक प्रसंग त्याचा सहकारी ब्रँड व्हिटलॉकनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. गावातली धर्मगुरू मंडळी त्याच्याकडं आली, म्हणाली वेश्यांना गावाबाहेर हाकला. जोन्सनं विचारलं, कुठं हाकलू? दुसऱ्या गावात? ती गावं काय ह्यांना ठेवून घेतील? मग म्हणाला, तुम्हीच जाऊन त्यातल्या सगळ्यात वाईट अशा दोन निवडून आणा, मी त्यांना माझ्या घरी ठेवतो, दुसरं घर आणि पोटापाण्याचं दुसरं काम मिळेपर्यंत सांभाळतो, आणि तुम्ही प्रत्येकानं एकेक मुलगी आपल्या घरी न्या, उरलेल्यांसाठी आपण सगळे मिळून घरं शोधू. मंडळी परत गेली. माझ्या मते ह्यात नुसतं निरुत्तर करणं नव्हतं, तो खरंच घेऊन गेला असता त्या दोघींना घरी, त्याच्याबद्दल जेवढं वाचलं त्यावरून मला तरी ह्याची शंका वाटत नाही.

हे वाचताना मला सारखं आपलं स्वतंत्रपूर आठवत होतं. आमच्या सांगली जिल्ह्यातच आटपाडीजवळ, औंध संस्थानानं १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकारानं जन्मठेपेच्या कैद्यांसाठी भिंती नसलेली वसाहत काढली, बायकापोरांसह राहायचं, शेती करायची, पळून जायला अडवणारं कुणी नाही. जोन्स तोपर्यंत पस्तीस वर्षांपूर्वी गेलेला होता, त्याचा ह्याच्याशी संबंध काही नाही, पण माणसावर आधी विश्वास टाकायचा आणि मग बघायचं, ही खोड दोन्हीकडं तीच. मी लहानपणी आण्णांबरोबर तिकडून एसटीनं जाताना ती जागा बघितलीय आणि आण्णा म्हणालेले, हे बघ, हा तुरुंग. मला पटलंच नव्हतं.

१८९९ मध्ये पक्षानं त्याला परत तिकीट दिलं नाही. ज्यांनी तडजोड म्हणून आणलेला त्यांनाच तो जड झाला. तो अपक्ष उभा राहिला, पक्षाआधी तत्त्व असं म्हणत, आणि दोन्ही पक्षांचे उमेदवार विरोधात असताना त्याला साधारण ७० टक्के मतं पडली. त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरपदालाही अपक्ष उभा राहिला, तिथं तिसरा आला पण एक लाखाच्या वर मतं घेतली. गावात मात्र १९०१ ला परत निवडून आला आणि १९०३ ला परत, तेव्हा तर गावातली वर्तमानपत्रंही विरोधात होती. मतदार कोण होते तर ज्यांच्याबरोबर तो रविवारी बागेत बसायचा ते, आणि ज्यांना त्यानं कोर्टातून सोडलेलं त्यांचे भाऊबंद.

सगळं जमलं असं नाही. वीज, ट्राम ह्या गोष्टी गावाच्या मालकीच्या असाव्यात हे त्याचं मोठं स्वप्न होतं आणि ते त्याच्या हयातीत झालं नाही, कौन्सिलमध्ये बहुमत त्याच्याकडं कधी नव्हतंच. ट्राम कंपनीला लांब मुदतीचा ठेका वाढवून द्यायचा ठराव कौन्सिलनं केला तेव्हा त्यानं नकाराधिकार वापरून अडवला, एवढंच त्याच्या हातात होतं. दारूच्या दुकानांवर तो कडक नव्हता हीही तक्रार होती आणि ती अगदीच खोटी नव्हती, बायका-पोरांच्या बाजूनं बघितलं तर मला स्वतःला ती पटते सुद्धा, पगार गुत्त्यात जाताना मी माझ्याच शॉपमध्ये बघितलाय. तो मात्र म्हणायचा गरिबाला बसायला गुत्त्याशिवाय दुसरी जागाच ठेवलेली नाही गावानं, आधी ती द्या. ह्यावर मी अजून विचार करतोय.

दम्याचा त्रास त्याला बरीच वर्षं होता. १२ जुलै १९०४ ला, महापौर असतानाच, तो गेला, वय फक्त सत्तावन्न. हजारो माणसं अंत्ययात्रेला आली, त्यात कारखान्यातले कामगार, पोलीस आणि ज्यांना गावात कुणी ओळख देत नव्हतं अशीही माणसं होती. आणि व्हिटलॉकनं लिहिलंय की त्याच्या मरणाची बातमी आल्यावर ट्राम कंपनीचे शेअर वधारले. पुढच्याच निवडणुकीत व्हिटलॉक स्वतः महापौर झाला आणि त्याच वाटेनं १९१३ पर्यंत चार वेळा निवडून येत राहिला, म्हणजे लोकांनी एका माणसाला नाही तर त्या रीतीला मत दिलेलं.

जुलैच्या एका रविवारी मी जावयाला म्हटलं मला वुडलॉन दफनभूमीत ने, जोन्स तिथं आहे. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही नायगारा नको म्हणालात आणि इथं यायचंय?” पण घेऊन गेला. जुनी मोठी झाडं, आत तळं, माणूस कुणी नव्हतं. लेकीनं बाळाला बाबागाडीत घालून आणलेलं. मी थोडा वेळ उभा राहिलो, पायातले बूट काढले, आपली सवय, आणि नमस्कार केला.

परत आलो ऑगस्टमध्ये. पहिल्याच सोमवारी त्या ऑपरेटरला केबिनमध्ये बोलावलं, मार्चचा अर्धा दिवस पाकिटात घालून दिला आणि म्हटलं माझं चुकलं. तो घेईना. म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मालक, झालं गेलं.” मी म्हटलं मुलीला काहीतरी घेऊन जा. तेव्हा घेतलं. मुलीचं नाव मला तोपर्यंत माहीत नव्हतं, नऊ वर्षांत मी विचारलेलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं.

पाटी काढायची म्हणून मी स्टूलवर चढलो पण आण्णांच्या हयातीतली ती, काढवेना. घरी आईशी बोललो. आई म्हणाली, “तुझ्या वडलांनी ती पाटी लावली तेव्हा पाच माणसं होती आन् त्यातला एक रोज पिऊन यायचा, त्याच्यापायी लिहिली ती. तो माणूस जाऊन वीस वर्षं झाली, पाटी कशाला ठेवलीस अजून?” हे मला माहीतच नव्हतं. एका माणसासाठी लिहिलेले नियम चौदा माणसं पाळत होती. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली, धुतली आणि घरी आईच्या खोलीत नेऊन ठेवली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय, तिथं अजून काही लावलेलं नाही. हजेरी बुक आता टेबलावर उघडं असतं, ज्याची त्यानं वेळ लिहायची, उशीर झाला तर कारण लिहायचं वाटलं तर लिहायचं. दोन महिने झाले. पहिल्या आठवड्यात दोघांनी खोटी वेळ लिहिली, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे, मी काही बोललो नाही. तिसऱ्या आठवड्यापासून ते खरी लिहितायत. एकानं परवा लिहिलं, ‘उशीर २५ मिनिटं, म्हैस सुटली होती’.

आमच्या शॉपमधल्या बारा तासांच्या दोन पाळ्यांचं मात्र अजून व्हायचंय. ते सोपं नाही, आमच्यासारख्या शॉपमध्ये सगळीकडं तेच चालतं, आणि पोरांनाही ओव्हरटाइमचे पैसे हवे असतात, नुसते तास कमी केले आणि हातात येणारा पगारही कमी झाला तर त्याला चांगलं कसं म्हणणार. बायकोबरोबर बसून तीन आठ-तासांच्या पाळ्यांचा हिशोब मांडला, पगार आहे तोच धरून. चार माणसं जादा लागतात, महिन्याला खर्च वाढतो, पण रात्रीच्या शेवटच्या चार तासांत जेवढे जॉब रिजेक्ट होतात ते वहीतून काढून बघितले तर बराचसा खर्च तिथंच भरून निघतो असं दिसतंय. पंपवाल्या गिऱ्हाइकाकडं दर थोडा वाढवून मागितलाय, अजून उत्तर नाही. सोमवारी आयटीआयची दोन पोरं भेटायला यायची आहेत, दोन मशिनवर आधी करून बघू.